मोडण्याआधीचा अर्धा तास

आमच्या नात्यागोत्यात माझी ओळख 'वस्तू मोडणारी' अशी आहे. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवतं, कुणी इमारती बांधतं, आणि मी गेली वीसेक वर्षं सळया ओढून तोडते, काँक्रीटचे ठोकळे चिरडते आणि मोडायला किती जोर लागला ते कागदावर लिहून देते. आमच्या करडीच्या मोठेबाबांना हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मोडून पायतेस म्हने! अन् त्याचा पगार भेटते काय बाई?"

भेटतो. फार नाही, पण भेटतो. :)

(करडी म्हणजे तेलाची नव्हे हं, गावाची. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. धानाचा मुलूख, वैनगंगेचं पाणी. माहेर तिकडचं, संसार नागपुरात.)

लॅबमध्ये कुणी पाहुणा आला की त्याला फक्त तुटताना बघायचं असतं. कॉलेजची पोरं सहलीसारखी येतात, मोबाईल वर धरतात आणि सळई तुटली की एकदम "ओह!" होतं. आवाज मोठा होतो, खोलीभर घुमतो. पण ते सगळं मिळून दोन-चार मिनिटांचं काम. त्याच्या आधीचा जो अर्धा तास असतो, मशीन पुसण्याचा, पकड बदलण्याचा, शून्य लावण्याचा, तो बघायला कधीच कुणी थांबत नाही. आणि माझं म्हणणं असं, की आमच्या कामातलं जे काही गमावण्यासारखं आहे ते सगळं त्या अर्ध्या तासात असतं. माणसाची बोटंही, आणि कागदावरचा आकडाही.

आज हे लिहायला बसले त्याचं कारण सांगते. करडीला असणाऱ्या माझ्या ताईचा मुलगा डिप्लोमा संपवून येत्या सोमवारी एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये लागतोय. माझ्या नाही, दुसऱ्या. ताईने फोनवर आधी पगार, मग खोली, मग डबा असं सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तिथं धोका नाही ना गं?" आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न आता सहज येत नाही. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, सकाळी कामावर गेलेले काही जण परत आलेच नाहीत. त्याचा आणि आमच्या मशीनचा काही संबंध नाही, हे मी ताईला सांगू शकले असते. पण तिने विचारलं ते स्फोटाबद्दल नव्हतंच. पोराला कुठे पाठवतोय, एवढंच तिला कळायला हवं होतं. "नाही गं, काही नाही होत" म्हणून फोन ठेवणं मला बरं वाटलं नाही. म्हणून हे सविस्तर. भाचा वाचेलच, ताईला तो वाचून दाखवेल, आणि बाकीच्या मंडळींना निदान मी ऑफिसात काय करते ते कळेल.

तर आधी मशीन. नाव युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, आम्ही यूटीएम म्हणतो. दोन जाड खांब, त्यांच्यामध्ये आडव्या तुळया, त्यांना म्हणायचं क्रॉसहेड. खाली एक टेबल. टेबलाखाली तेलाचा दट्ट्या. पंप तेल ढकलतो, दट्ट्या टेबलाला वर उचलतो, आणि टेबलाला जोडलेला वरचा क्रॉसहेडही वर जातो. खालचा क्रॉसहेड मात्र जागेवर असतो. त्यामुळे वरच्या आणि खालच्या क्रॉसहेडमध्ये सळई धरली तर ती ताणली जाते, आणि खालचा क्रॉसहेड व टेबल यांच्यामध्ये ठोकळा ठेवला तर तो दाबला जातो. एकाच मशीनमध्ये दोन्ही कामं. म्हणून 'युनिव्हर्सल'. खालचा क्रॉसहेड वेगळ्या मोटरने वर-खाली होतो, पण ते फक्त जागा जुळवण्यासाठी. तो मुद्दा पुढे येईल, लक्षात ठेवा.

आणि एक गंमत. आपल्याकडे कॉलेजात किंवा लॅबमध्ये ह्या मशीनवरची पाटी वाचली तर बऱ्याचदा इचलकरंजीचं नाव दिसतं. फ्युएल इन्स्ट्रुमेंट्स अँड इंजिनिअर्स, म्हणजे 'फाय'. फाय फाउंडेशनच्या पुरस्कारांमुळे हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रात वाचलेलं असेल. तिकडे मिरजेच्या बाजूलाही अशी मशीनं बनवणारे आहेत. यंत्रमागाचं गाव म्हणून आपण इचलकरंजी ओळखतो, पण देशभरातल्या कितीतरी सळया इचलकरंजीच्या मशीनने तोडल्यात, हे मला कॉलेजात असताना पाटी वाचून कळलं आणि उगाचच अभिमान वाटला होता.

आता अर्धा तास सुरू.

पहिली पाच मिनिटं मी मशीनला हातच लावत नाही. नुसती भोवती फिरते. टेबलावर काल कुणी पाना विसरलाय का? जमिनीवर तेल सांडलंय का? तेल सांडलं असेल तर पाय घसरणार, आणि पाय घसरला की माणूस जे हाताला लागेल ते धरतो. मागच्या टाकीतली तेलाची पातळी ठीक आहे का? खांबांवर मागच्या ठोकळ्याची खडी अडकलीय का? मग स्वतःकडे बघायचं. ओढणी, लोंबणारं ओळखपत्र, मंगळसूत्र, बाहीचं सुटलेलं बटण. ओढणी मी लॅबच्या दारातल्या खुंटीला अडकवून आत जाते. पहिल्या वर्षी दोन-तीन जण हसले. मग बाकीच्या मुलींच्याही ओढण्या त्या खुंटीवर दिसायला लागल्या.

मग लाल बटण. इमर्जन्सी स्टॉप. ते आहे हे सगळ्यांना माहीत असतं, चालतं का हे फार थोड्यांना. म्हणून रिकामं मशीन चालू करून एकदा दाबून बघायचं. पंप थांबला? मग पुढे. आणि एक गोष्ट भाच्याला मुद्दाम सांगते. लाल बटणाने पंप थांबतो, पण सळईतला ताण गेला असं समजायचं नाही. तेल आत अडकलेलं असू शकतं आणि सळई तशीच ताणलेली. आवाज बंद झाला म्हणून जवळ जायचं नसतं. काटा शून्यावर आला की मगच जायचं.

यानंतर गणित. मशीनला हात लावण्याआधी कागदावर. समजा १६ मिलिमीटरची सळई आहे, एफई ५०० दर्जाची. तिचं क्षेत्रफळ येतं २०१ चौरस मिलिमीटर. एफई ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन झेलल्याशिवाय तिने कायमचं वाढायला लागू नये. म्हणजे साधारण १०० किलोन्यूटन. तुटायला आयएस १७८६ प्रमाणे किमान ५४५ हवेत, म्हणजे ११० च्या आसपास. बहुतेक सळया त्याहून पुढेच जातात. १०० किलोन्यूटन म्हणजे किती? दहा टनांच्या जरा वर. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ४० किलोचे धानाचे अडीचशे कट्टे एका बोटभर सळईला टांगल्यासारखं. हे गणित आधी केलं की मशीनची कोणती रेंज लावायची ते ठरतं, कोणत्या आकड्याला सावध व्हायचं ते ठरतं आणि काटा १५० च्या पुढे गेला तर "काहीतरी वेगळं चाललंय" हे डोक्यात वाजतं. गणित न करता मशीन चालवणारा माणूस काट्याकडे बघतो, पण त्याला काही दिसत नाही.

मग पकड. हिला आम्ही जॉ म्हणतो. पोलादाच्या दातेरी पाचरी. गोल सळईसाठी खाच असलेल्या, पट्टीसाठी सपाट. प्रत्येक जोडीवर किती जाडीपासून किती जाडीपर्यंत ते कोरलेलं असतं. सळई १६ ची आणि पाचर तिच्या मापाच्या बाहेरची, "चालतंय की" म्हणून लावली तर सळई पाचरीच्या कडेवर धरली जाते, घसरते, आणि दहा टनांच्या ओढीत घसरलेली सळई कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही. पाचरीच्या दातांत मागच्या सळयांचा कीस अडकलेला असतो, तो तारेच्या ब्रशने काढायचा. सळई पाचरीच्या बहुतेक लांबीत आत गेली पाहिजे, नुसती टोकाला चिमटीत धरल्यासारखी नको. आणि वरपासून खालपर्यंत अगदी मधोमध, सरळ.

इथे थोडं थांबते, कारण बोटं जातात ती इथे.

माझ्या पहिल्या नोकरीत, लॅबचं नाव नको, एका सहकाऱ्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला रजिस्टर लिहीत होते. तो खालच्या पकडीत सळई बसवत होता. दुसरा बटणापाशी. दोघांच्या मध्ये मशीन, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. बसवणारा म्हणाला, "हं." त्याच्या मनात होतं "हं, थांब जरा, अजून बसली नाही." बटणावरच्याने ऐकलं, "हं, चल." खालचा क्रॉसहेड वर सरकला. बस्स. काट्यावर लोड शून्य होता. चाचणी सुरूही झाली नव्हती.

मराठीत 'हं'चे किती अर्थ होतात ते मोजून बघा. होकार, नकार, थांब, पुढे सांग, ऐकलं, नाही ऐकलं. घरात सगळे चालतात. मशीनपाशी एकही चालत नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. ज्याचे हात पकडीत, बटण त्याच्याच ताब्यात. एकट्याने होत नसेल आणि दोघं लागत असतील तर बटणावरच्याने मोठ्याने विचारायचं, "हात बाहेर?" आणि समोरच्याने पूर्ण वाक्यात सांगायचं, "हात बाहेर, चालव." मुंडी हलवणं नाही, हं नाही, अंगठा दाखवणं नाही. उत्तर आलं नाही तर बटण दाबायचं नाही, मग साहेब मागे घड्याळ बघत उभे असले तरी. रिकामा क्रॉसहेड चाचणीच्या वेगापेक्षा कितीतरी भराभर सरकतो, आणि नेमका तेव्हाच माणूस सगळ्यात जवळ असतो. चाचणी सुरू झाली की सगळे आपोआप मागे सरतात, कारण तेव्हा भीती वाटते. तयारीच्या वेळी भीती वाटत नाही. म्हणून तिथे नियम लागतो.

मघाशी म्हटलं होतं की खालच्या क्रॉसहेडची मोटर फक्त जागा जुळवण्यासाठी. सळई दोन्ही टोकांना पकडली गेली की त्या मोटरच्या बटणाला हात लावायचा नाही. ती मोटर ओढण्यासाठी केलेलीच नाही. ओढायचं काम तेलाचं.

आता शून्य. हे मला सगळ्यात आवडतं काम. सळई वरच्या पकडीत धरण्याआधी पंप सुरू करून टेबल अगदी जरासं वर उचलायचं, आणि मग काटा शून्यावर आणायचा. का? कारण टेबल, वरचा क्रॉसहेड, त्यांना जोडणारे दांडे हे सगळं वजन दट्ट्याच्या डोक्यावर आहे. ते उचलून धरलेलं असतानाच शून्य लावलं तर ते वजाबाकीत जातं. टेबल खाली टेकलेलं असताना शून्य लावलं, तर मशीनचं स्वतःचं वजन सळईच्या नावावर जमा होतं. सळई आहे त्यापेक्षा मजबूत दिसते. कुणाला काही कळत नाही. रिपोर्ट छान येतो.

ह्या 'छान रिपोर्ट'ची मला बोटांइतकीच भीती वाटते. बोट गेलं तर खोलीतल्या सगळ्यांना दिसतं. चुकीचा आकडा कागदावर बसून निघून जातो आणि कुठल्यातरी शाळेच्या स्लॅबमध्ये जाऊन राहतो. वरठीला, म्हणजे आमच्याच मोहाडी तालुक्यात, सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आहे. लहानपणी भंडारा रोड स्टेशनवर उतरलं की तो दिसायचा. पोलाद कुठल्याही कारखान्यात बनो, त्याचा तुकडा आधी कुठल्यातरी मशीनमध्ये ओढून बघावाच लागतो. खाली पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे, ३३ दरवाजांचं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं होतं. एवढं काँक्रीट ओतायचं म्हणजे ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे, दाबून बघायचे, हे ओघाने आलंच. धरण बघायला जाणाऱ्याला दरवाजे दिसतात. मला, काय करणार, ठोकळे दिसतात.

ह्या धंद्याचा मूळपुरुष म्हणावा असा एक स्कॉटिश माणूस होता, डेव्हिड कर्काल्डी. त्याने १८७४ मध्ये लंडनमध्ये साउथवर्क स्ट्रीटवर चाचणीघर उघडलं आणि दारावर कोरून ठेवलं, की इथे तथ्यं मिळतील, मतं नाहीत. टे नदीवरचा रेल्वेपूल १८७९ मध्ये वादळात गाडीसकट पडला, तेव्हा त्याच्या लोखंडाचे तुकडे तपासायला ह्याच कर्काल्डीकडे आले होते. त्याचं प्रचंड आडवं मशीन आजही त्याच इमारतीत आहे, आता तिथे संग्रहालय आहे. मला त्या दारावरच्या अक्षरांचं कौतुक वाटतं, पण तथ्य काही मशीनमधून आपोआप पडत नाही. आधीच्या अर्ध्या तासात कुणीतरी शून्य नीट लावलेलं असावं लागतं.

आता पुढे. आघात कुठे थांबायचा ते ठरवणारे लिमिट स्विच. क्रॉसहेड वर किंवा खाली किती जाऊ शकतो त्याची हद्द. ते नमुन्याच्या लांबीप्रमाणे लावून घ्यायचे. नमुन्यावर एक्स्टेन्सोमीटर लावला असेल, म्हणजे वाढ मोजणारं ते नाजूक उपकरण, तर तो कोणत्या टप्प्यावर काढायचा तेही आधीच ठरवायचं. तुटेपर्यंत तसाच ठेवायचा नाही.

मग जाळी किंवा पारदर्शक कवच पुढे ओढायचं, डोळ्यांवर चष्मा. रोजचा नंबरचा नाही, बाजूनेही झाकणारा. "सळई तर लवचिक असते, ती कशाला उडेल?" असं नवीन मुलं विचारतात. त्यांना मी एक हिशोब करायला लावते. वरचीच १६ ची सळई, अर्धा मीटर लांब, ११० किलोन्यूटनला ताणलेली. तिच्यात नुसती स्प्रिंगसारखी साठलेली ऊर्जा येते ७५ ज्यूल. म्हणजे साडेसात किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तेवढी. आणि ही एकट्या सळईतली, मशीनच्या सांगाड्यात साठते ती वेगळी. लांबी दुप्पट केली की ऊर्जाही दुप्पट, म्हणून लांब तारा आणि दोर तोडताना जास्त दूर उभं राहायचं. ओतीव लोखंडासारखी ठिसूळ वस्तू तर सांगून तुटत नाही. सळई आधी लांबते, कंबर बारीक करते, मग तुटते. ओतीव लोखंड शेवटपर्यंत गप्प असतं.

काँक्रीटच्या ठोकळ्याचंही तसंच. १५० मिलिमीटरचा ठोकळा, एम २० चा, २८ दिवस पाण्यात राहिलेला. पाण्यातून काढून ओला असतानाच चाचणी घ्यायची. क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणजे ४५० किलोन्यूटन, साधारण ४६ टन. तो ठेवताना भरतानाची वरची बाजू वर ठेवायची नाही, आडवी करायची, कारण थापीने सारखी केलेली बाजू कधीच पुरती सपाट नसते. साच्याला टेकलेल्या गुळगुळीत बाजूंवर दाब यायला हवा. ठोकळा बरोबर मध्यावर. दाबणाऱ्या प्लेटा फडक्याने पुसायच्या. वाळूचा एक कण राहिला तर त्या कणाखाली सगळा जोर एकवटतो, ठोकळा लवकर फुटतो आणि तिरका फुटतो. उंची जुळवायला खाली तबकड्या ठेवाव्या लागतात, त्या कमीत कमी आणि एकावर एक नेमक्या. आणि जोर सावकाश वाढवायचा, मिनिटाला दर चौरस मिलिमीटरमागे १४ न्यूटन ह्या दराने. म्हणजे एम २० ला दीड मिनिट लागेल. घाई केली तर आकडा फुगतो.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. मला ती कळायला बरीच वर्षं लागली. वाळूचा कण पुसला तर तुकडा डोळ्यात उडत नाही, आणि आकडाही खरा येतो. सळई सरळ बसवली तर ती वाकडी उसळत नाही, आणि आकडाही खरा येतो. योग्य पाचर, योग्य शून्य, सावकाश जोर, प्रत्येक ठिकाणी तेच. हात वाचवणारी कृती आणि आकडा खरा ठेवणारी कृती एकच आहे. म्हणून "सेफ्टीत वेळ जातो, रिपोर्ट अडकतात" असं कुणी म्हणालं की मी म्हणते, तेवढा वेळ दिला नाही तर रिपोर्ट कशाचा देणार आहात?

आता नवी मशीनं आली आहेत, संगणकावर चालणारी. काटा नाही, पडदा आहे. भाच्याच्या लॅबमध्ये तशीच असतील. ती हुशार आहेत, पण त्यांना जोर कळतो तो एका तारेतून, लोड सेलच्या. ती तार सैल असेल आणि मशीनला "अमुक जोर येईपर्यंत ओढ" असं सांगितलं असेल, तर मशीनला जोर दिसतच नाही आणि ते ओढतच सुटतं. म्हणून आधी हाताने लोड सेलला जरासं ढकलून बघायचं, पडद्यावर आकडा हलतो का. हलला पाहिजे, आणि बरोबर दिशेला. पंपाचा दाब देतानाही सांगाड्यापासून लांब उभं राहायचं, कारण तेल भरताना मशीन कधी कधी दचकतं. बाकी पाचर तीच, शून्य तेच, बोटंही तीच.

ताईला हे सगळं परकं वाटू नये म्हणून तिच्या ओळखीचं सांगते. दिवाळीनंतर आपल्याकडे पुंजण्यातलं धान चुरायला थ्रेशर येतो. लहानपणी बाबा आम्हाला त्याच्या आसपास फिरकू द्यायचे नाहीत. पेंढी आत ढकलणारा माणूस ठरलेला, दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. पट्टा बसवायचा तर इंजिन बंद, आणि हँडल पट्टा बसवणाऱ्याच्याच हातात. ते हँडल तो कमरेला खोचून मग वाकायचा. बाकीचे ताटकळत बसायचे, कुणी कुरकुरायचं, पण ते हँडल कुणी मागायचं नाही. हा नियम त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवला नव्हता. पंचक्रोशीत कुणाचा ना कुणाचा हात गेलेला प्रत्येकाने पाहिलेला होता. आम्ही इंजिनियर लोक त्याला मोठमोठी नावं देतो, भिंतीवर चार्ट लावतो. पण कमरेला खोचलेल्या त्या हँडलपेक्षा पक्की व्यवस्था मी अजून कुठल्या लॅबमध्ये पाहिलेली नाही.

तर ताई, उत्तर असं. धोका आहे. तो चाचणीच्या आवाजात कमी आणि आधीच्या शांततेत जास्त आहे. तो टाळता येतो, आणि टाळण्याची रीत साधी आहे, कुणालाही शिकता येते. फक्त रोज करावी लागते, दिवसाला चाळीस नमुने असले तरी चाळीस वेळा.

आता राहिलं एक, आणि ते भाच्यापेक्षा त्याच्या वरच्यांसाठी आहे. आपल्याकडे पोरांना लहानपणापासून सांगतात, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. गावाकडून आलेलं पोर तर नोकरीच्या पहिल्या महिन्यात तोंडच उघडत नाही. त्याला पाचर अर्धीच बसलेली दिसते, पण बसवणारे वीस वर्षांचे अनुभवी दादा असतात. त्याला वाटतं, त्यांना कळत असेलच. तो गप्प राहतो. ही गप्प बसण्याची सवय सुटल्या सळईपेक्षा वाईट.

आमच्या लॅबमध्ये म्हणून एक शब्द सगळ्यांचा आहे, "थांबा." चहा घेऊन आलेला मुलगासुद्धा तो म्हणू शकतो. म्हटला की मशीन थांबतं, जोर उतरवला जातो, आणि मगच विचारायचं, काय झालं? मागे एका नव्या मुलीने भर चाचणीत "थांबा" म्हटलं. तिला सळईवर चीर दिसली होती. उतरवून पाहिलं तर ट्यूबलाइटची सावली. दहा मिनिटं गेली, चाचणी बाद झाली, नवा नमुना लावला. कुणी हसलं नाही, कारण हसायचं नाही हे ठरलेलं आहे. त्या दिवशी कुणी हसलं असतं तर ती पुन्हा कधी बोलली नसती, आणि पुढच्या वेळी कदाचित सावली नसती.

तुम्ही कुणी लॅब चालवत असाल, कारखाना चालवत असाल, थ्रेशर चालवत असाल, तर सोमवारी तुमच्याकडेही कुणाचा तरी मुलगा पहिल्यांदा कामावर येईल. पहिल्याच दिवशी त्याला हा शब्द द्या. आणि तो जेव्हा पहिल्यांदा भीत भीत म्हणेल, तेव्हा आधी थांबा. कारण नंतर विचारा.